ताशी चार मैल

लग्नाला सहा वर्षं झाली की नवराबायको एकमेकांशी काय बोलतात? आमचं सांगते. ‘पार्सल आलं का?’, ‘तुझा कॉल किती वाजता संपणार?’, ‘दूध आणलंस का?’ आणि ‘आईंना फोन केलास का?’ बस्स, एवढंच! बाकी सगळं व्हॉट्सअॅपवर. फ्लॅट एकच. एक जण बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला, दुसरी हॉलमध्ये, आणि मध्ये ‘चहा?’, ‘चालेल’ असे मेसेज. हसू नका. तुमच्यातले निम्मे तरी हेच करत असणार, पैज लावते!

तर अशा आम्हा दोघांनी 2023 च्या जुलैमध्ये आठवडाभर एक बोट भाड्याने घेतली. हा म्हणजे माझा नवरा. लेखभर मी त्याला ‘हा’च म्हणणार आहे, कारण नाव छापलं तर घरी माझी खैर नाही. हा डोंबिवलीचा, मी नाशिकची. सप्टेंबर 2019 पासून दोघंही मँचेस्टरमध्ये, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत, आपापल्या वर्क व्हिसावर.

बोटीची आयडिया माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याची. लंचला तो म्हणाला, इथे कालव्यातून चालवायची बोट मिळते, लायसन्स लागत नाही, तासभर शिकवतात आणि किल्ली हातात ठेवतात. लायसन्स लागत नाही? आमच्याकडे स्कूटीलाही लागतं! मी हे घरी गंमत म्हणून सांगितलं, तर याने त्याच रात्री बुकिंग करून टाकलं. एरवी मोबाइलचं कव्हर घेण्याआधी चाळीस रिव्ह्यू वाचणारा हा माणूस. मला जरा आश्चर्यच वाटलं. पण मी काही विचारलं नाही. न विचारणं हा त्या काळात आमच्या घरचा नियमच झाला होता.

मार्चमध्ये याची आई घरात पडली होती. दुसऱ्या दिवशी पाणी बंद राहणार म्हणून बादल्या भरून ठेवत होत्या, पाय घसरला आणि मनगट मोडलं. सासरे 2021 मध्ये गेले, तेव्हापासून आई एकट्याच. त्यांनी ही गोष्ट आम्हाला अकरा दिवस कळू दिली नाही. व्हिडिओ कॉलवर प्लॅस्टरचा हात पदराखाली! शेवटी शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं. हा बारा दिवस जाऊन आला आणि आल्यापासून गप्प झाला. भांडण नाही, तक्रार नाही. नुसता गप्प. आणि मे महिन्यात मी टीम लीड झाले. घरात केक आला, फोटो काढला, तो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्या फोटोत आम्ही दोघंही छान हसतोय.

बोटीबद्दल आधी सांगते, नाहीतर तुमच्या डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र यॉट, गॉगल आणि शॅम्पेन येईल. तसलं काही नाही हं! ही ‘नॅरोबोट’. नावाप्रमाणेच अरुंद. सात फूट रुंदीच्या लॉकमधून जायची म्हणून बोट रुंदीला सातपेक्षाही जरा कमी. आमची लांबीला 48 फूट. म्हणजे चाळीतली एक लांबलचक खोली पाण्यावर सोडून दिली आहे असं समजा. पुढून मागे जाताना पहिल्यांदा बसायची जागा, मग स्वयंपाकघर, मग टॉयलेट, मग पलंग. दोघांना शेजारून जायचं तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. वेग ताशी जास्तीत जास्त चार मैल. काठावरून कुत्रा फिरवणाऱ्या आजी आम्हाला ओव्हरटेक करून पुढे जात होत्या, खोटं नाही सांगत.

आमचा कालवा होता लँगॉलेनचा. इंग्लंडमधून निघून वेल्समध्ये शिरणारा. आम्ही शनिवारी व्हिटचर्चहून निघालो. बोटीत सामान म्हणजे थालीपिठाची भाजणी, कांदा-लसूण मसाला, पोहे, मॅगी आणि याने हट्टाने घेतलेला छोटा प्रेशर कुकर. सुकाणूचा फंडा पहिल्या दिवशी अजिबात क्लिअर झाला नाही. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, आणि तीही लगेच नाही, दोन क्षण विचार करून! ब्रेक नाहीतच. थांबायचं असेल तर रिव्हर्स टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पहिल्या तासात आम्ही दोन झाडांत घुसलो.

दुसरी अडचण आवाजाची. सुकाणू आणि इंजिन बोटीच्या पार मागच्या टोकाला. पुढे दोर घेऊन उभा राहणारा माणूस 48 फुटांवर. मग काय? आरडाओरडा! ‘डावीकडे!’ ‘काय?’ ‘अरे डावीकडे!’ ‘तुझ्या डावीकडे का माझ्या?’ तीन दिवस आम्ही अख्ख्या श्रॉपशायरला मराठी ऐकवलं. गंमत म्हणजे गेल्या चार महिन्यांत आम्ही एकमेकांशी इतकं बोललोच नव्हतो. पण बोलणं सगळं दोर, खुंटी आणि डावं-उजवं यांवरच. रात्री एल्समिअरच्या तळ्याकाठी बोट बांधून थालीपीठ खाल्लं, तेव्हा पुन्हा दोघंही गप्प.

सोमवारी न्यू मार्टनची दोन लॉक पार केली. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. बोट कप्प्यात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, विंडलास नावाचं एल आकाराचं लोखंडी हँडल फिरवून वरचं पाणी आत सोडायचं, बोट वर येते. वीज नाही, मोटर नाही, सगळं हाताने आणि पाठीच्या जोरावर. मी दरवाजा ढकलत होते, हा खाली बोटीवर. भिंतींमधून तो हळूहळू वर येताना दिसला. आधी टोपी, मग चेहरा. खूप दमल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, आता विचारावं, काय झालंय तुला? तेवढ्यात मागून दुसरी बोट आली आणि आम्ही पुढे निघालो.

मंगळवारी सकाळी चर्कचा जलसेतू आला. 1801 चा. खाली सीरिऑग नदीची दरी, 21 मीटर उंचीवरून आमची बोट, आणि शेजारून आणखी उंच असलेला रेल्वेचा पूल. सेतूच्या एका टोकाला इंग्लंड, दुसऱ्या टोकाला वेल्स. आणि पलीकडे पाय ठेवताच बोगदा! 420 मीटर लांब आणि एका वेळी एकच बोट मावेल इतका अरुंद. समोर कुणाच्या हेडलाइटचा ठिपका दिसतोय का ते बघायचं, नसेल तर आपला दिवा लावून घुसायचं. आत काठाने पायवाट आहे. हा टॉर्च घेऊन तिच्यावरून चालत निघाला, मी सुकाणूवर. आणि बोट पुढे जाता जाईना! कारण या कालव्याला चक्क प्रवाह आहे. लँगॉलेनच्या पुढे हॉर्सशू फॉल्स नावाच्या बंधाऱ्यावर डी नदीचं पाणी यात सोडतात. आम्ही चाललो होतो उलट दिशेने. बोगद्यासारख्या अरुंद जागी तो प्रवाह चांगलाच जाणवतो. इंजिन घुरघुरतंय, भिंती इंचाइंचाने सरकतायत आणि याचा टॉर्च पुढे पुढे जाऊन लहान होतोय. मी हाक मारली. आवाज बोगद्यात फिरून परत माझ्याकडेच आला.

बोगद्याबाहेर दोन्ही बाजूंनी झाडीची घळ, आणि थोडं पुढे चर्कचा मरीना. टॉयलेटच्या टाकीचा लाल दिवा सकाळपासून लागला होता, पाणीही तळाला गेलं होतं. म्हणून तिथे थांबायचं ठरलं. जास्तीत जास्त दोन तास. टाकी रिकामी करायची, पाणी भरायचं, निघायचं. संध्याकाळच्या आत मोठा जलसेतू ओलांडायचा होता.

मरीना म्हणजे कालव्याच्या बाजूला खणलेलं एक शांत तळं. त्यात हिरव्या, निळ्या, लाल बोटी ओळीने बांधलेल्या. टपावर कोळशाची पोती, सायकली, जिरेनियमच्या कुंड्या. काही बोटींत माणसं बारा महिने राहतात. आम्ही आत शिरलो ते नेहमीच्या थाटात. मी ओरडतेय ‘रिव्हर्स टाकू का?’, हा पुढून ओरडतोय ‘थांब! थांब!’ आणि धाडकन बोट तरंगत्या धक्क्यावर आदळली. आतली कपबशी फुटल्याचा आवाज आला. शेजारच्या बोटीवरून सत्तरीच्या एक बाई शांतपणे उतरल्या, याच्या हातातून दोर घेतला आणि दोन वेढे देऊन बोट जागेवर आणली. वर म्हणाल्या, ‘पहिलीच वेळ?’ मी म्हटलं, ‘इतकं दिसतंय का?’ तर म्हणतात, ‘ऐकू आलं.’

त्या आणि त्यांचा नवरा नुकतेच आले होते, आणि त्यांना येताना मी पाहिलं होतं. सुकाणूवर बाई, पुढे दोर घेऊन ते. तोंडातून अवाक्षर नाही. त्यांनी तळहात दाखवला, बोट थांबली. दोन बोटं फिरवली, बोट वळली. शेवटी त्यांनी आपल्याच डोक्यावर थापटलं. ते काय होतं, मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे सगळं ठीक आहे, दोर बांधला, इंजिन बंद कर. ओरडलेलं धड ऐकू येत नाही, पण राग मात्र बरोबर पोचतो. म्हणून आम्ही ते सोडलं.’ आणि त्या दुकानाकडे निघून गेल्या. नळी टाकीत घालण्याआधी मिनिटभर पाणी वाहू दे, एवढं तेवढं सांगून गेल्या.

हा नळी लावायला पुढे गेला. मी आत काचा गोळा करत होते. घळीत नेटवर्क नव्हतं, मरीनात आलं. दोघांचेही फोन टेबलावर चार्जिंगला. टण, टण, टण! चार तासांचे सगळे मेसेज एकदम. मी त्याच्या फोनला कधी हात लावत नाही. लावलाही नाही. पण स्क्रीन माझ्या समोरच उजळली. त्याच्या ऑफिसचा मेल. विषय दिसत होता: ट्रान्सफर रिक्वेस्ट मंजूर, ऐरोली, 1 ऑक्टोबर.

मी हातात काच घेऊन तशीच बसले.

हे नक्की काय आहे ते समजायला थोडा हिशोब सांगावा लागेल. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आमच्यासारख्या व्हिसावर सलग पाच वर्षं काढली की इथे कायम राहण्याचा परवाना मागता येत असे. सगळे देशी लोक त्याला ‘आयएलआर’ म्हणतात. आमची पाच वर्षं भरणार होती सप्टेंबर 2024 मध्ये. म्हणजे 1 ऑक्टोबर 2023 ला हा परत गेला की एका वर्षासाठी चार वर्षं पाण्यात. आणि ते त्याने एकट्याने ठरवलं होतं. मला न विचारता. बोटीचं बुकिंग करण्याच्याही आधी!

मी फोन उचलला आणि पुढे गेले. हा नळी धरून उभा होता. मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने वाचलं. मी म्हटलं, ‘कधी सांगणार होतास?’

‘याच ट्रिपमध्ये. रोज ठरवत होतो.’

‘म्हणून बोट?’

‘घरी तू दार लावून कॉलवर असतेस. म्हटलं इथे तरी...’

मला इतका राग आला की नळी त्याच्या अंगावर धरावीशी वाटली. एरवी मी उठून निघून गेले असते. बेडरूम, नाहीतर बाल्कनी, नाहीतर सरळ ऑफिस. पण इथे जाणार कुठे? 48 फूट बोट! आणि टाकी भरायला तासभर लागतो. नळी सोडून जाता येत नाही, पाण्याचा जोर वाढवता येत नाही, टाकी किती भरली हेही कळत नाही. नुसतं उभं राहायचं. ऑफिसात आपण सगळेच कायम कशाच्या तरी मधे असतो ना? एक मीटिंग अर्धवट टाकून दुसरी. तिथे मधे यायला काही नव्हतं. नळी, पाणी आणि आम्ही दोघं.

तो बोलायला लागला. आई पडल्या त्या दिवशी याचा रिलीज होता. आईंचा मिस्ड कॉल आला होता आणि याने ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ असा तयार मेसेज टाकला होता. नंतर केलाच नाही. आईंनीही परत केला नाही. ‘तिने सांगितलं नाही असं आपण सगळ्यांना सांगतो,’ तो म्हणाला, ‘पण तिने फोन केला होता.’ हे त्याने मला चार महिन्यांत सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘मग मला का नाही विचारलंस, आपण परत जायचं का म्हणून?’

‘तू आत्ताच लीड झालीस. मी विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मग आयुष्यभर ते माझ्या डोक्यावर राहिलं असतं.’

इथे एखाद्या आदर्श बायकोचा लेख असता तर मी पाघळले असते. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली. कारण मी हो म्हणाले नसते. आणि याहून वाईट म्हणजे, मीही काहीतरी लपवलं होतं. लीड करताना बॉसने विचारलं होतं, हा प्रोजेक्ट मार्च 2026 पर्यंत आहे, तू तोवर इथेच आहेस ना? मी क्षणाचाही विचार न करता ‘हो’ म्हटलं होतं. घरी येऊन केक कापला, पण हे सांगितलं नाही. म्हणजे त्याने एकट्याने जायचं ठरवलं होतं आणि मी एकटीने राहायचं! फरक एवढाच की त्याचा मेल आला आणि माझा आला नाही.

मी ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा चिडेल. चिडलाही. ‘मार्च 2026? आणि आई?’ एवढंच म्हणाला, पण असं म्हणाला की शेजारच्या बोटीवरचं कुत्रं उठून बसलं. मग कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. पाणी टाकीत पडल्याचा आवाज येत होता. मला एकदम आईंच्या बादल्या आठवल्या. इथे आम्ही आठवडाभर मजा म्हणून बोटीत पाणी भरतोय, आणि तिथे...

शेवटी पाणी काठावरून बाहेर आलं. टाकी भरली होती. त्याने नळ बंद केला आणि म्हणाला, ‘चहा करू?’ तोंडाने म्हणाला. मेसेज नाही!

चहाबरोबर आम्ही कालव्याच्या नकाशाची मागची कोरी बाजू पुढे ओढली. दोघंही शेवटी आयटीवाले, रडून झालं की एक्सेल! आयएलआरच्या नियमात एक सोय होती. कुठल्याही सलग बारा महिन्यांत 180 दिवसांपर्यंत देशाबाहेर राहिलं तर पाच वर्षं मोडत नाहीत. मार्चचे 12 गेले. राहिले 168. काही अडीअडचण आली तर हाताशी असावेत म्हणून थोडे राखून ठेवले आणि 150 लिहिले. म्हणजे पाच महिने. ट्रान्सफर नको, पाच महिने ऐरोलीतून काम मागायचं, पगार आणि नोकरी इथलीच. पाच महिन्यांत आईंचा हात, बाथरूममध्ये धरायला दांडे, दिवसभराची बाई, आणि त्यांच्या मनात नक्की काय आहे हे विचारणं. हो, कारण नकाशाच्या कागदावर आम्ही दोघांनी सगळं मांडलं होतं, पण आईंना कुणी काही विचारलंच नव्हतं! आणि माझ्या बाजूला लिहिलं: बॉसला सांगणं, की मार्च 2026 चा शब्द मी एकटीने दिला होता, तो आता पक्का धरू नका. ते लिहिताना माझा हात जड झाला होता, हे कबूल करते. लीडची खुर्ची मला हवी होती. अजूनही हवी आहे.

हे काही फार ग्रेट सोल्यूशन नव्हतं. राग दोघांचाही गेला नव्हता. पण दुकानातला माणूस येऊन म्हणाला, मागे दुसरी बोट पाण्यासाठी थांबलीय, निघताय ना? निघावंच लागलं. दोन तासांचे साडेतीन झाले होते.

त्या बाईंनी आम्हाला हात केला. निघताना आम्ही ओरडलो नाही. याने पुढून तळहात दाखवला, मी थांबले. त्याने बोटं फिरवली, मी सुकाणू वळवलं. चुकलंच, थोडं घासलंही, पण आवाज न करता.

आणि मग पॉन्टकसिल्टे. वेल्श लोक हे नाव ज्या प्रकारे उच्चारतात ते माझ्या जिभेला आजही जमत नाही. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी 1795 ते 1805 या दहा वर्षांत बांधलेला हा जलसेतू 307 मीटर लांब आणि डी नदीच्या वर तब्बल 38 मीटर. दगडी खांब आणि त्यावर ओतीव लोखंडाची पन्हळ, तिच्यात पाणी, त्या पाण्यात बोट. 2009 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा केलं. 1944 मध्ये हा कालवा कायद्याने बोटींसाठी बंदच झाला होता. पण यातून पाणी पुढे जात होतं, म्हणून बुजवला नाही, म्हणून आज आहे.

एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काही नाही. म्हणजे खरंच काही नाही! पन्हळीची वीतभर कड, आणि खाली झाडांचे शेंडे. समोरून बोट येत नाही ना हे बघायला हा पायवाटेवरून पुढे चालत गेला. मी सुकाणूवर एकटी. खाली बघायचं नाही असं ठरवून मी खालीच बघितलं. पोटात गोळा आला. मान वर केली तर हा मध्यावर उभा होता, माझ्याकडे तोंड करून. त्याने आपल्या डोक्यावर थापटलं. सगळं ठीक आहे. मला माहीत होतं की सगळं काही ठीक नाहीये, त्यालाही माहीत होतं. पण समोरून बोट येत नव्हती, तेवढं नक्की ठीक होतं. मी पुढे गेले.

त्यानंतरचं थोडक्यात. एचआरशी सहा आठवडे मेलामेली झाली. हा नोव्हेंबर 2023 मध्ये गेला आणि मार्च 2024 संपताना परत आला. तो हिवाळा मी मँचेस्टरमध्ये एकटीने काढला. दुपारी चारला अंधार, घरी आल्यावर दिवा लावायलाही कुणी नाही. रडले, भांडले, एकदा फोन आपटला. बॉसला सांगितलं. त्याने लीडपद काढून घेतलं नाही, पण पुढचा मोठा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिला. ते अजून खुपतं. पाच वर्षं भरली आणि 2024 संपता संपता आयएलआर दोघांनाही मिळाला.

आणि आई? त्या मे 2024 मध्ये सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आल्या. आम्ही त्यांना लँगॉलेनला नेलं. तिथे घोड्याने ओढायच्या बोटी आहेत, 1884 पासून चालत आलेल्या. काठाने घोडा चालतो, दोराने बोट ओढतो, इंजिनच नाही. आई खूश! ‘आमच्या रेतीबंदरावर अशी सोय केली तर काय गर्दी होईल,’ म्हणाल्या. दुपारी पॉन्टकसिल्टेवरून चालत गेलो. त्या कठडा धरून मध्यापर्यंत आल्या, शेजारून एक नॅरोबोट सरकत गेली, खाली नदी. आई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘होडी वर नि नदी खाली. तुमचं सगळंच उलटं.’

मी म्हटलं, ‘आई, राहाल का इथे?’ विचारायचंच ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, ‘अगं, इथे दारं लावलेली असतात. काकूंना हाक मारायची तर फोन करून अपॉइंटमेंट घ्यायची का? नाही बाई.’ आणि मग माझ्याकडे न बघता, ‘पण तुम्ही दोघं आलात की मला बरं वाटतं. पाच महिने तो होता, तेव्हा घरात रात्री दिवा असायचा.’

ऑक्टोबरमध्ये त्या परत गेल्या. परत जायचं की राहायचं, हा प्रश्न आमच्या घरात अजून तसाच आहे. सुटला म्हटलं तर ते खोटं होईल. पण फ्रिजवर एक कॅलेंडर आहे. त्यावर याचे डोंबिवलीचे दिवस निळ्या पेनाने, माझे लाल पेनाने. ते आम्ही रविवारी सकाळी भरतो, लॅपटॉप बंद करून, जोरजोरात भांडत. आणि रोज सकाळी, मीटिंग असो नाहीतर रिलीज, आईंचा फोन आला की जो जवळ असेल तो उचलतो.

काल मी कॉलवर होते. काचेच्या दाराबाहेर हा उभा होता, कानाला फोन. आईंचाच असणार. मी भुवया उंचावून विचारलं, काय?

त्याने डोक्यावर थापटलं.